दोर, मतदान आणि सात माणसे

१९४३ सालच्या 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' या अमेरिकी चित्रपटात उजाडायच्या बेताला एक मतदान होते. नेव्हाडातल्या एका डोंगरखोऱ्यात तीन माणसे पकडली गेली आहेत, त्यांच्यावर गुरे चोरल्याचा आणि गुरांच्या मालकाला ठार मारल्याचा आरोप आहे, आणि त्यांना इथेच झाडाला लटकवायचे की गावात नेऊन न्यायाधीशापुढे उभे करायचे हे त्यांना पकडणारा जमावच आता ठरवणार आहे. जमावाचा म्होरक्या मेजर टेटली आरडाओरडा करत नाही. प्रकरण कोर्टाकडे सोपवावे असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे होऊन बाजूला उभे राहावे, असे तो शांतपणे सांगतो. सात माणसे बाजूला येतात. बाकीचे जागचे हलत नाहीत, आणि त्यांच्या त्या न हलण्यानेच तिघांचा निकाल लागतो.

या मतदानाची रचना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. फाशीच्या बाजूने असलेल्याला काहीच करावे लागत नाही. हात वर करायचा नाही, तोंडाने 'हो' म्हणायचे नाही, फक्त उभे राहायचे. ज्याला फाशी नको आहे त्याला मात्र सगळ्यांच्या देखत चार पावले चालत जावे लागते. झुंडीच्या न्यायावरचे जे थोडे जुने वेस्टर्न चित्रपट आजही पाहावेसे वाटतात, ते या चार पावलांविषयीचे आहेत असे मला वाटते. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे आतला आवाज, असे आपण सहज म्हणून जातो. या चित्रपटांत तो आवाज बहुतेकांना ऐकू येतो, अडचण असते ती पाय उचलण्याची.

'वेस्टर्न' हा शब्द इथे 'पाश्चात्त्य' या अर्थाने नाही. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचा अमेरिकेचा प्रदेश, साधारणपणे १८६५ ते १८९० हा काळ, नवी वसलेली गावे, मोकळ्या कुरणांवर चरणारी हजारो गुरे आणि दोन-दोन दिवसांच्या अंतरावर असलेले कोर्ट, एवढ्या सामग्रीवर हा चित्रप्रकार उभा राहिला. गुरे मोकळी चरत असल्यामुळे त्यांची मालकी ओळखायची खूण एकच होती, ती म्हणजे तापलेल्या लोखंडाने कातडीवर उमटवलेला मालकाचा डाग. गुरे विकली तरी जुना डाग पुसला जात नसे, म्हणून विकत घेणाऱ्याकडे विक्रीची पावती असावी लागे. दुसऱ्याच्या डागाची गुरे आणि खिशात पावती नाही, अशा अवस्थेत सापडलेला परका माणूस चोरच ठरत असे. 'ऑक्स-बो'मध्ये पकडलेल्या तिघांपैकी डोनाल्ड मार्टिन नेमका असा सापडतो. गुरे त्यांचा मालक किंकेड याच्याकडून विकत घेतली, पावती किंकेड मागाहून पाठवणार होता, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. ते खरेही असते.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे 'पॉसी'. गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी गावातल्या धडधाकट पुरुषांना सोबत घेण्याचा अधिकार शेरीफला, म्हणजे त्या भागाच्या पोलीस प्रमुखाला, इंग्रजी कायद्याच्या परंपरेने दिलेला होता. अशा तात्पुरत्या, शपथ दिलेल्या तुकडीला पॉसी म्हणत. म्हणजे हातात बंदुका घेऊन घोड्यावर निघालेला तोच जमाव शेरीफ सोबत असेल तर कायद्याचा हात ठरतो आणि नसेल तर झुंड. 'ऑक्स-बो'मध्ये शेरीफ गावाबाहेर गेलेला आहे. त्याचा डेप्युटी सगळ्यांना शपथ देतो. तसा अधिकार तुला नाही, असे न्यायाधीश त्याला बजावतात, पण त्यांच्या स्वभावातच जोर नाही आणि शपथ तर उरकलेली आहे. पटकथा लिहिणाऱ्या लमार ट्रॉटी यांनी हा तपशील मुद्दाम ठेवला आहे. आपण कायदा मोडत आहोत असे त्या झुंडीला एकदाही वाटत नाही. उलट तिच्याजवळ शपथ आहे, मतदान आहे, आरोपींची उलटतपासणी आहे, मरणाऱ्यांना पत्र लिहायला आणि प्रार्थना करायला पहाटेपर्यंत दिलेला अवधी आहे. खऱ्या खटल्यातले जे जे उसने आणता येते ते सगळे तिने आणलेले आहे. फक्त निर्दोष सुटण्याची शक्यता तेवढी आणलेली नाही.

'पाचामुखी परमेश्वर' किंवा 'गाव करी ते राव न करी' असे आपण म्हणतो, तो विचार अमेरिकी पश्चिमेत अगदी तात्त्विक थाटात मांडला गेला होता. ओवेन विस्टर यांची १९०२ सालची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी या चित्रप्रकाराची आजी म्हणायला हरकत नाही. तिचा नायक गुरेचोरांना फासावर चढवतो आणि त्या चोरांमध्ये त्याचा स्वतःचा मित्र स्टीव्ह असतो. नायिका हादरते, तेव्हा कादंबरीतले न्यायाधीश हेन्री तिची समजूत घालतात ती अशी की, न्याय करण्याचा अधिकार मुळात नागरिकांचा, तो त्यांनी कोर्टांच्या हाती दिला, आणि वायोमिंगमधली कोर्टे चोरांना शिक्षा करत नसतील तर नागरिक आपला अधिकार परत घेत आहेत, त्यात बंड कसले? दक्षिणेत काळ्या माणसांना जाळतात ते रानटीपण आणि हे वेगळे, असेही ते आवर्जून सांगतात. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. त्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे: ज्याला लटकवले तो चोरच होता.

कादंबरीबाहेरच्या पश्चिमेत हे गृहीतक अनेकदा कोसळले. सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ आणि १८५६ साली व्यापाऱ्यांनी 'दक्षता समित्या' स्थापून माणसे फासावर दिली. वायोमिंगमध्ये १८८९ साली बड्या गुरेमालकांनी एला वॉटसन आणि जिम ॲव्हरेल या दोघांना गुरेचोर ठरवून झाडाला लटकवले. ते दोघे ज्या जमिनीवर वसले होते तिच्यावर या मालकांचा डोळा होता. मेक्सिकन वंशाच्या शेकडो लोकांचा नैऋत्येत असाच अंत झाला. देशभरातला आकडा तर सर्वज्ञात आहे: टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ झुंडबळी गेले आणि त्यांतले ३,४४६ काळे होते. झुंडबळीविरोधी विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, परंतु दक्षिणेतल्या सिनेटरांनी ते सिनेटमध्ये अडवले, आणि तसा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडले.

'ऑक्स-बो'त घोड्यावर बसलेल्यांपैकी एकाला हे सगळे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गिल कार्टरची भूमिका करणारे हेन्री फोंडा नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात वाढले. २८ सप्टेंबर १९१९ रोजी तिथल्या जमावाने कोर्टाची इमारत पेटवली, आत कोठडीत असलेल्या विल ब्राउन या काळ्या कामगाराला बाहेर खेचून फासावर चढवले, त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि प्रेत जाळले. आडवे आलेल्या महापौरांनाही दोर लावला होता, ते थोडक्यात वाचले. समोरच फोंडांच्या वडिलांचा छापखाना होता. चौदा वर्षांच्या हेन्रीने हे त्या छापखान्याच्या खिडकीतून पाहिले.

तरीही चित्रपटातला फोंडांचा गिल हा नायक नाही, आणि दिग्दर्शक विल्यम वेलमन यांचे हे सगळ्यांत मोठे यश आहे. गिल आणि त्याचा सोबती आर्ट हे दोघे गावाला परके आहेत. गुरांच्या चोऱ्या चालू असताना परक्यावर पहिला संशय जातो, हे त्यांना ठाऊक आहे. झुंडीत सामील झाले नाही तर आपलीच पाळी येईल, या हिशेबाने ते सोबत निघतात. गिल चिडखोर आहे, दारू चढली की मारामारी करतो, आणि बाजूला उभा राहतो तेव्हाही भाषण करत नाही. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये अकरा जणांना एकट्याने वळवणारे फोंडा अनेकांच्या डोक्यात असतात ('एक रुका हुआ फैसला'मुळे ती गोष्ट आपल्याकडे घरोघर पोचली). त्या आठवणीने हा चित्रपट पाहायला बसलात तर तुमची निराशा होईल. इथे कोणीही वळत नाही.

मग झुंड बनते कशी? वेलमन हे टप्प्याटप्प्याने दाखवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर रागापेक्षा लाज अधिक काम करते. किंकेडच्या डोक्यात गोळी घातली, अशी बातमी एक घोडेस्वार आणतो. त्याने स्वतः प्रेत पाहिलेले नाही, पण ते विचारायचे कोणाला सुचत नाही. किंकेडचा मित्र फार्नली खरोखर दुःखाने पेटलेला आहे. संपूर्ण झुंडीत खरा राग एवढाच. बाकीचे या एका माणसाच्या दुःखावर शेकत बसलेले आहेत. म्हातारा दुकानदार डेव्हिस 'थांबा, शेरीफला येऊ द्या' म्हणतो, तेव्हा त्याचा मुद्दा कोणी खोडून काढत नाही, त्याच्या मर्दपणावर हसतात. आपल्याकडे अशा वेळी 'बांगड्या भर' म्हणतात. भाषा बदलते, हत्यार तेच. टेटली आपल्या मवाळ मुलाला, जेराल्डला, मर्द बनवण्यासाठी सोबत फरपटत आणतो आणि शेवटी फाशीच्या घोड्याला चाबूक मारायचे काम त्याच्यावर सोपवतो. स्वतः टेटली दक्षिणेच्या सैन्याचा गणवेश घालून मिरवतो, आणि यादवी युद्ध संपेपर्यंत त्याने दक्षिण पाहिलीही नव्हती अशी कुजबुज आहे. म्हणजे म्होरक्यालाही काहीतरी सिद्ध करायचे आहेच.

झुंडीत एक बाई आहे, सगळे तिला 'मा' म्हणतात. ही भूमिका जेन डार्वेल यांनी केली आहे. तीनच वर्षांपूर्वी, १९४० साली, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये त्यांनी फोंडांच्या सोशिक, कणखर आईची भूमिका करून ऑस्कर मिळवले होते. तोच प्रेमळ चेहरा इथे दोराकडे पाहून खदाखदा हसतो. त्या काळच्या प्रेक्षकाला ते हसू किती बोचले असेल, याची कल्पना करावी.

झुंडीत एकमेव काळा माणूस आहे, स्पार्क्स. मरणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायला कोणीतरी हवे म्हणून त्याला थट्टेने बोलावलेले आहे, आणि तो मात्र ते काम मनापासून करतो. लहानपणी आपल्या भावाला असेच लटकवताना पाहिले होते, असे तो गिलला शांतपणे सांगतो. सात जणांत तो आहे. तरीही एक आक्षेप नोंदवायला हवा: अमेरिकेत झुंडबळींतले बहुसंख्य काळे असताना या चित्रपटात फासावर जाणारे दोन गोरे आणि एक मेक्सिकन आहेत. दक्षिणेतल्या चित्रपटगृहांना जे थेट दाखवणे अवघड होते ते साठ वर्षे मागे आणि हजार मैल पश्चिमेला नेऊन दाखवले गेले. आडपडद्याचा हा मार्ग धाडसाचा होता की सोयीचा? मला विचाराल तर दोन्ही. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांनी मूळ कादंबरी १९४० साली प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्या मनात हिटलरच्या जर्मनीची धास्ती होती, आणि हे आपल्याकडेही घडू शकते हे त्यांना सांगायचे होते.

फाशी होते. परतताना झुंडीला शेरीफ भेटतो आणि सांगतो की किंकेड जिवंत आहे आणि त्याच्यावर गोळी झाडणारे पकडले गेले आहेत. त्यानंतरचा गुत्त्यातला प्रसंग या चित्रपटाचा कळस मानला जातो. गिल मार्टिनने बायकोला लिहिलेले पत्र मोठ्याने वाचतो आणि सारे भिंतीकडे तोंड करून ऐकतात. वेलमन यांनी कॅमेरा असा लावला आहे की पुढे उभ्या असलेल्या आर्टच्या टोपीच्या कडेने गिलचे डोळे झाकले जातात. दिसतात ते फक्त शब्द उच्चारणारे ओठ. पत्राचा आशय असा की, कायदा हातात घेऊन माणसाला फासावर देणारा साऱ्या जगाला इजा करतो, आणि एकेकाची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे आजवर जगलेल्या सगळ्या माणसांच्या विवेकाचा एक तुकडा असतो. प्रसंग सुंदर आहे, पण पत्र मला खटकते. तासाभरात मरणारा तरुण बायकोला कायद्याचे तत्त्वज्ञान लिहील का? कादंबरीत हे पत्र वाचकाला कधीच वाचायला मिळत नाही. चित्रपटातही, डेव्हिस ते पत्र इतरांना दाखवू पाहतो तेव्हा मार्टिन संतापतो, कारण ते त्याच्या बायकोसाठी आहे, या लोकांचे मन वळवण्यासाठी नाही. त्याचा तो संताप पत्रातल्या प्रत्येक वाक्याहून जास्त सांगून जातो.

अवघ्या ७५ मिनिटांचा हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले. पारितोषिक 'कॅसाब्लँका'ने नेले.

नऊ वर्षांनंतर हाच प्रश्न उलटा करून मांडला गेला. फ्रेड झिनेमान यांच्या 'हाय नून'मध्ये (१९५२) झुंड जमते ती न जमण्यासाठी. गावाचा कायदा राखणारा मार्शल विल केन याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर माफी मिळून दुपारी बाराच्या गाडीने परत येतो आहे, स्टेशनवर त्याचे तीन साथीदार वाट पाहत आहेत, आणि केन गावात दारोदार पॉसीसाठी माणसे मागत फिरतो. इथे पॉसी पूर्णपणे कायदेशीर असती, आणि म्हणूनच बहुधा ती मिळत नाही. त्या मिलरला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवतात, न्यायाचा तराजू खोगिराच्या पिशवीत भरतात आणि निघून जातात. चर्चमध्ये चक्क चर्चा होते, मुद्दे मांडले जातात, महापौर केनचे तोंडभरून कौतुक करतात आणि त्याच दमात त्याने गाव सोडावे असे सुचवतात, कारण गोळीबार झाला तर उत्तरेकडचे भांडवलदार गावात पैसा घालणार नाहीत. कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाकडे सांगण्याजोगे कारण आहे.

केनचा मित्र सॅम फुलर घरातच लपून बसतो आणि नवरा घरी नाही असे बायकोला दारात सांगायला लावतो. हा फुलर झाला आहे हॅरी मॉर्गन, म्हणजे 'ऑक्स-बो'मध्ये गिलसोबत बाजूला उभा राहिलेला आर्ट. हा योगायोगच असणार, पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर तो मनातून जात नाही.

या चित्रपटाला आणखी एक पदर आहे. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टशोधक समितीपुढे उभे राहावे लागले. त्यांनी सहकाऱ्यांची नावे दिली नाहीत, हॉलिवुडने त्यांना काळ्या यादीत टाकले, म्हणजे काम देणे बंद केले, आणि ते इंग्लंडला गेले. ओळखीची माणसे रस्त्यात तोंड चुकवतात म्हणजे काय, हे ते लिहिता लिहिताच अनुभवत होते. केनचे काम करणारे गॅरी कूपर राजकारणाने उजवे होते, तरी त्यांनी फोरमनची बाजू सोडली नाही. हेच कूपर १९२९ साली 'द व्हर्जिनियन'च्या चित्रपटात आपल्या मित्राला फासावर देणारे नायक होते. शेवटी केन छातीवरचा बिल्ला काढून गावकऱ्यांसमोर धुळीत टाकतो. वेस्टर्न चित्रपटांचे लोकप्रिय नायक जॉन वेन यांना ते इतके झोंबले की १९७१ सालच्या मुलाखतीत त्यांनी या चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरवले आणि केन बिल्ल्यावर पाय देतो असेही सांगितले. तो पाय देत नाही. गंमत अशी की याच भूमिकेचे ऑस्कर कूपर यांच्या वतीने स्वीकारायला वेनच मंचावर गेले होते.

काळ्या यादीच्या छायेतले दोन चित्रपट १९५४ सालचे आहेत. ॲलन ड्वान यांच्या 'सिल्व्हर लोड'मध्ये चार जुलैला, लग्नाच्या दिवशीच, नवरदेवावर खुनाचा आरोप घेऊन येणाऱ्या खलनायकाचे नावच मॅकार्टी आहे, म्हणजे कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी कोणाला कळू नयेत अशी सोय ठेवलेली नाही. निकोलस रे यांच्या 'जॉनी गिटार'मध्ये झुंड थेट अंत्ययात्रेतून आलेली, काळ्या कपड्यांतली आहे. एका घाबरलेल्या पोराला ती सांगते की या बाईचे नाव घे, तुला सोडू. तो नाव घेतो, आणि तरीही त्याला लटकवतात. त्या बाईची, व्हिएन्नाची, पाळी येते तेव्हा मात्र तिच्याखालचा घोडा हाकायला एकही पुरुष तयार होत नाही, आणि सारे पेटवणाऱ्या एमालाच ते करावे लागते. झुंडीला म्होरक्या सापडतो, प्रश्न विचारणारे सापडतात, दोर बांधणारे सापडतात. शेवटच्या क्रियेला हात हवा असतो तेव्हा सगळ्यांनाच एकाएकी तो हात आपला असल्याचे जाणवते. 'ऑक्स-बो'मध्ये जेराल्ड चाबूक उगारत नाही तो याच जाणिवेने, आणि बापाच्या हातचा मार खातो.

१९६८ सालचा 'हँग देम हाय' कलाकृती म्हणून या रांगेत थोडा मागेच बसेल, पण त्याने काढलेली शंका बाकीच्यांना सुचली नव्हती. जेड कूपर (गॅरी कूपर यांच्या नावाशी जुळणी हा केवळ योगायोग) याने गुरे विकत घेतलेली असतात, नऊ जणांची टोळी त्याला चोर आणि खुनी समजून लटकवते, तो वाचतो. मार्टिन वाचला असता तर काय झाले असते, अशीच ही गोष्ट म्हणा. क्लिंट ईस्टवुड यांचा हा कूपर मग मार्शल होतो आणि त्या नऊ जणांना जिवंत कोर्टात आणायच्या मागे लागतो. कोर्ट आहे ते न्यायाधीश फेंटनचे. आर्कन्सॉ राज्यातल्या फोर्ट स्मिथचे खरेखुरे न्यायाधीश आयझॅक पार्कर यांच्यावरून हे पात्र बेतले आहे. पार्कर यांनी १६० जणांना देहदंड सुनावला आणि त्यांतल्या ७९ जणांना फाशी झाली. गुरेचोरीत ओढल्या गेलेल्या दोन कोवळ्या भावांना सोडावे, अशी साक्ष कूपर देतो. फेंटन त्यांनाही फाशी सुनावतो, आणि कारण सांगतो ते असे की गुरेचोर सुटताना दिसले तर लोक पुन्हा स्वतःच दोर हातात घेतील. मग गावात एकाच चबुतऱ्यावर सहा जणांच्या फाशीचा दिवस ठरतो, लांबलांबून माणसे पोराबाळांसकट येतात, जत्रा भरते, भजने म्हटली जातात. शपथ खरी आहे, न्यायाधीश खरा आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत. कूपर तिथे थांबत नाही, आणि सगळ्यांचे डोळे चबुतऱ्याकडे लागलेले असताना त्याला लटकवणारे ते जुने लोक त्याच्यावर गोळ्या झाडतात.